आमदाराची कारकीर्द लिहायचीय? मग आधी हरलेल्या निवडणुका काढा

आमच्या तालुक्याच्या जुन्या आमदारांवर काहीतरी लिहायचंय, जन्मशताब्दी आलीय, स्मरणिका काढायचीय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकतो.

काय करू नका ते आधी. गौरवग्रंथापासून सुरुवात करू नका. गौरवग्रंथ वाचायचाच, पण सगळ्यात शेवटी, कारण तो पहिल्यांदा वाचला की तीच वाक्यं डोक्यात बसतात, "तळागाळातल्या माणसाचा कैवारी" वगैरे, आणि मग कागद समोर आला तरी आपण त्यात तेच शोधायला लागतो. माझं असंच झालं होतं. आमच्या भागातल्या एका दिवंगत आमदारांवर मी छोटी पुस्तिका केली, त्यात "सलग निवडून आले" असं छापलं. प्रकाशनाच्या दिवशी एक म्हातारे कार्यकर्ते माझ्याजवळ आले, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाळ, मधली पाच वर्षं आम्ही पडलो होतो, ती कुठं गेली?" मला उत्तर देता आलं नाही. वाईट याचं वाटलं की त्या माणसाने त्याच पाच वर्षांत सगळ्यात जास्त पायपीट केलेली होती आणि मी ती वर्षंच पुसून टाकली होती. तेव्हापासून माझा नियम आहे, पहिल्यांदा हरलेल्या निवडणुका शोधायच्या.

उदाहरण म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख घेऊ, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं. शेतकरी कामगार पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा वेळा आमदार, एसटीने प्रवास. एवढं कोणीही सांगतो. आता हे अकरा तुम्ही स्वतः मोजून बघा. भारत निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल पीडीएफमध्ये आहे, फुकट आहे, उमेदवार, पक्ष, मतं, टक्केवारी सगळं मिळतं. एकेक अहवाल उघडा आणि वहीत उभी यादी करा. १९६२ निवडून, १९६७ निवडून, १९७२ पडले, १९७८, १९८०, १९८५, १९९० निवडून, १९९५ पडले, १९९९, २००४, २००९, २०१४ निवडून. मोजा. दहाच भरतात. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला वाटलं लोकच चुकीचं सांगतायत. लोक बरोबर होते. अकरावी निवडणूक म्हणजे १९७४ ची पोटनिवडणूक, आणि पोटनिवडणूक त्या मोठ्या अहवालात नसते, ती वेगळी शोधावी लागते. म्हणून कोणाचाही आकडा एकने कमी भरला तर घाई करून खोडू नका, आधी पोटनिवडणूक झाली होती का बघा.

वर्षांचंही तेच. गणपतराव ५४-५५ वर्षं आमदार होते असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. तुमच्या वहीतली यादी घ्या, १९६२ ते १९७२ दहा, १९७४ ते १९९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस, झाली साधारण ५१. यात त्यांचा मोठेपणा कणभर कमी होत नाही, उलट मधल्या गॅप दिसायला लागतात, आणि खरी गोष्ट त्या गॅपमध्येच आहे. १९७२ म्हणजे महाराष्ट्राचा तो मोठा दुष्काळ, आणि दुष्काळी सांगोल्याचा हा माणूस नेमका त्या वेळी सभागृहाच्या बाहेर. दुसरी गॅप १९९५ ते १९९९, त्यात १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना देणाऱ्या टेंभू योजनेला मंजुरी मिळाली, म्हणजे ज्या पाण्यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत गणपतराव उभे राहिले त्या पाण्याचे कागद पुढे सरकत होते तेव्हाही ते आमदार नव्हते. आता सांगा, "सलग" लिहिलं असतं तर हा प्रश्न तुम्हाला पडला असता का? आमदारकी नसताना माणसाने काय केलं, त्याच्याकडं लोक येत राहिले का, हे विचारायला तुम्हाला जागा मिळते ती पराभवामुळंच.

आता अहवाल बघताना काही खाचाखोचा आहेत त्या लक्षात ठेवा. नावाने शोधू नका, मतदारसंघाने शोधा, कारण अहवाल इंग्रजीत असतात, आडनाव कधी आधी कधी नंतर, स्पेलिंग दर वेळी वेगळं, आणि एकाच नावाचे दोन उमेदवार पण असतात. मतदारसंघाचा नंबर मात्र पाठ करून उपयोग नाही, तो पुनर्रचनेत बदलतो. सांगोला आज २५३ आहे म्हणून १९६२ ला पण २५३ शोधत बसलात तर दिवस जाईल. कधी नाव आणि हद्द दोन्ही बदलतात, आर. आर. पाटील म्हणजे आर. आर. आबा २००४ च्या निवडणुकीपर्यंत तासगावमधून निवडून आले, आणि २००९ च्या निवडणुकीपासून तासगाव-कवठेमहांकाळमधून, माणूस तोच आणि गावं वेगळी. त्यामुळं दोन निवडणुकांची मतं शेजारी ठेवून "लोकप्रियता वाढली" किंवा "घटली" असं लिहायच्या आधी हद्द तीच होती का ते तपासा.

अजून जुनं काम असेल तर आणखी एक गोष्ट, जी नवीन लोकांना हमखास अडवते. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्र नावाखाली पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. १९५७ ची हवी असेल तर मुंबई राज्यात बघायचं. आणि १९५२ ची हवी असेल तर विदर्भवाल्यांनी मध्य प्रदेशात आणि मराठवाडावाल्यांनी हैदराबाद राज्यात बघायचं. "आमच्या नेत्याचं रेकॉर्डच मिळत नाही" म्हणणाऱ्या नांदेड-परभणीकडच्या लोकांचं काम बऱ्याचदा एवढ्यानेच होतं.

आणि "आमदार" म्हणजे कुठले ते पण विचारून घ्या. विधानसभा २८८ ची, विधान परिषद ७८ ची, बोलताना दोघांनाही आमदारच म्हणतात. परिषदेवर सहा वर्षांची मुदत, आणि तिथं जायचे रस्ते वेगळे, पदवीधर, शिक्षक, स्थानिक स्वराज्य संस्था, विधानसभा सदस्यांकडून किंवा राज्यपालनियुक्त. रोजगार हमीचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते, त्यांना विधानसभेच्या निकालात शोधलंत तर त्या काळात ते सापडणारच नाहीत.

बरं, निवडणुकांची यादी झाली की सांगाडा तयार. आता त्यावर मांस चढवायचं. इथं एक फरक आधी ओळखा, तुमचा माणूस जास्त काळ सत्तेत होता की विरोधात. हे मला फार उशिरा कळलं पण यावर सगळं शोधकाम अवलंबून आहे. गणपतराव बहुतेक कारकीर्द विरोधी बाकावर, मंत्री फक्त दोनदा, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि नंतर १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. अशा माणसाचं काम शासन निर्णयात, म्हणजे जीआरमध्ये, सापडत नाही, ते सापडतं विधिमंडळाच्या कामकाजात. आर. आर. आबांचं उलटं, १९९० ते २०१५ एवढ्या काळात ते बराच वेळ मंत्री, त्यांचं काम जीआरमध्ये आणि योजनांमध्ये आहे.

विरोधातल्या माणसासाठी विधिमंडळाचं कामकाज कसं वाचायचं ते जरा सावकाश सांगतो. महाराष्ट्र विधानमंडळाच्या वेबसाइटवर बरंच आहे, जुनं विधानभवनाच्या ग्रंथालयात आहे, तिथं जायच्या आधी परवानगीचं बघून घ्या. वर्षाला साधारण तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. सगळी पानं वाचायला गेलात तर आयुष्य पुरणार नाही. त्यापेक्षा गावातून तारखा गोळा करा, दुष्काळ कधी पडला, मोर्चा कधी निघाला, गोळीबार झाला असेल तर कधी, आणि त्या तारखेच्या पुढचं अधिवेशन उघडा. त्यात तारांकित प्रश्न बघा, म्हणजे ज्याला मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि वरून उपप्रश्न येतात, अतारांकितला फक्त लेखी उत्तर असतं. लक्षवेधी सूचना बघा, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायला आमदार मांडतो ती. अर्थसंकल्पावरच्या मागण्यांची चर्चा बघा, तिथं आमदार आपल्या तालुक्यातल्या गावांची नावं घेऊन बोलतात. गावाचं नाव सापडलं की मला तर सोनं सापडल्यासारखं होतं, कारण मग त्या गावात जाऊन विचारता येतं की हा रस्ता, हा तलाव, ही शाळा, झाली का शेवटी?

मंत्र्याने सभागृहात "करतो" म्हणून शब्द दिला तर त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते, हे कितीतरी पत्रकारांनाही माहीत नसतं. तुमच्या आमदाराच्या प्रश्नावर आश्वासन मिळालं असेल तर त्याचं पुढं काय झालं हे त्या समितीच्या अहवालात असू शकतं. आणि आमदार कुठल्या समित्यांवर होता ते पण लिहाच, लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम. बातम्यांत न येणारं कष्टाचं काम तिथं असतं.

विधिमंडळ सदस्यांच्या संक्षिप्त परिचयाची पुस्तकं निघतात, जन्म, शिक्षण, छंद, सामाजिक कार्य. चांगलं साधन आहे, पण त्यातली माहिती सदस्याने स्वतःच दिलेली असते हे विसरू नका. जन्मतारीख तर शाळेच्या दाखल्यावरची, जुन्या पिढीत गुरुजींनी अंदाजे घातलेली, त्यामुळं दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या तर दोन्ही लिहा. जन्मगाव आणि मतदारसंघ एकच आहे असं पण गृहीत धरू नका, गणपतरावांचं मूळ गाव पेनूर, ते मोहोळ तालुक्यात.

मंत्री राहिलेल्या माणसाचं शोधताना पहिला प्रश्न, खातं कुठलं आणि कधी ते कधी. "मंत्री होते" एवढं लिहून भागत नाही, राज्यमंत्री की कॅबिनेट ते पण लिहा. मग त्या खात्याचे त्या काळातले शासन निर्णय काढा. अलीकडचे सगळे राज्य शासनाच्या जीआरच्या वेबसाइटवर विभागवार मिळतात, आणि मागचं 'लोकराज्य' मासिकाच्या जुन्या अंकांत बरंच सापडतं, फक्त ते सरकारचंच मासिक आहे, म्हणजे तिथं कौतुक जास्त असणार.

पण योजना मिळाली म्हणजे काम झालं असं नाही, तिचा शेवट शोधा. आबांचंच बघा. ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ ला संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, ते प्रत्येकजण लिहितो आणि लिहायलाच पाहिजे, मी स्वतः त्या काळात माणसं हातात खराटा घेऊन पहाटे गल्ली झाडताना पाहिलीत. पण २००५ ची डान्सबार बंदी लिहिताना लोक बंदीपाशीच थांबतात. पुढं उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, हे लिहिल्याशिवाय ती गोष्ट अर्धी राहते. तसंच नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला, त्यानंतरचं 'मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात' या अर्थाचं ते वक्तव्य, उपमुख्यमंत्रिपदाचा आणि गृहखात्याचा राजीनामा. आबांवर प्रेम करणारे आमच्याकडचे लोक हे पान गाळायला सांगतात. मी पण त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांतलाच आहे, आणि तरीही सांगतो गाळू नका. २००९ ला लोकांनी त्यांना परत निवडून दिलं आणि ते परत गृहमंत्री झाले, याला किती वजन आहे ते राजीनामा लिहिला तरच वाचणाऱ्याला कळतं.

सुरुवातीची वर्षं पण घाईत उरकू नका. आबा १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले, १९९० ला आमदार झाले, मधली अकरा वर्षं जिल्हा परिषदेत. तिथल्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. पुढं ज्या माणसाने ग्रामविकास खातं एवढं मनापासून चालवलं तो ते कुठं शिकला याचं उत्तर जिल्हा परिषदेच्या त्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कागदांत शोधायचं असतं.

कागद देत नसतील तर आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज करा, घाबरायचं काही नाही. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे पाळलं नाही तर अर्ज परत यायचं निमित्त होतं. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील, त्याची फी २० रुपये. अर्जात "यांच्या कारकिर्दीची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, मिळणार नाही. "सन अमुक ते अमुक या काळात अमुक मतदारसंघात आमदार स्थानिक विकास निधीतून मंजूर झालेल्या कामांची यादी, गाव, रक्कम आणि सद्यस्थितीसह" असं लिहा आणि जिल्हा नियोजन कार्यालयाला पाठवा. यादी आली की त्यातली दहा कामं निवडून गाडी काढून स्वतः बघून या. मी एकदा गेलो तर यादीतलं एक सभागृह उभं होतं, रंग नवा होता, कुलूप गंजलेलं होतं आणि पायरीवर शेळ्या बांधलेल्या होत्या, शेजारच्या बाई म्हणाल्या उद्घाटनानंतर उघडलंच नाही. ते मी तसंच लिहिलं, कोणावर ठपका न ठेवता, जे दिसलं ते.

मालमत्तेबद्दल लिहायचं असेल तर ऐकीव काही लिहू नका. उमेदवारांची शपथपत्रं आहेत ना, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं स्वतःच्या सहीने दिलेलं. पण ही सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, म्हणजे साधारण २००३ पासूनची, त्यामुळं ऐंशीच्या दशकातल्या आमदाराचं शपथपत्र मिळत नाही म्हणून काहीतरी लपवलंय असा अर्थ काढू नका.

आता माणसं. हे काम कागदापेक्षा आधी करा खरं तर, कारण कागद थांबतो आणि माणसं थांबत नाहीत. मी तीन जणांच्या घरी "पुढच्या महिन्यात येतो" सांगितलं होतं आणि त्यातल्या दोघांच्या दहाव्यालाच जाणं झालं. यादी अशी करा, जुना पीए, ड्रायव्हर, ज्या घरी मुक्काम व्हायचा ती बाई, निवडणुकीचा हिशोब ठेवणारा माणूस, पक्षाच्या कचेरीत पोस्टर लिहिणारा पेंटर, एसटीने फिरणारा आमदार असेल तर कंडक्टर, आणि विरोधात लढलेले उमेदवार. विरोधकांकडं जायला लोक लाजतात. जा. आयुष्यभर समोर लढलेल्या माणसाला प्रतिस्पर्ध्याचं बारीक माहीत असतं, आणि म्हातारपणी तो मोकळा पण बोलतो.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. "साहेबांच्या आठवणी सांगा" म्हटलं की माणूस भाषण चालू करतो. त्यापेक्षा एखादा जुना फोटो, हँडबिल, मतमोजणीची ती वहीतली यादी समोर ठेवा आणि विचारा, हा मागं उभा आहे तो कोण? या निवडणुकीत इकडची गावं का फिरली? मग बोलणं आपोआप तपशिलात जातं. रेकॉर्डिंग चालू करायच्या आधी विचारा, आणि कोणी म्हणालं हे छापू नको तर छापू नका, गावात परत जायचं असतं.

श्रेयाचं मात्र जपून. टेंभूचंच पाणी घ्या, कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी, सांगोला, एवढ्या तालुक्यांत ती योजना, आणि प्रत्येक तालुक्यात "पाणी आमच्या नेत्याने आणलं" म्हणणारी माणसं आहेत, आणि ती खोटं बोलत नाहीत, त्यांनी आपल्या नेत्याला मोर्च्यात पुढं चालताना पाहिलंय. अशा वेळी "पाणी आणलं" हे वाक्यच वापरू नका. मागणी कोणी केली, प्रश्न कोणी मांडला, मंजुरी कोणाच्या काळात, पैसे कोणाच्या काळात, आणि पाणी प्रत्यक्ष शिवारात कधी आलं, या पाच तारखा वेगवेगळ्या लिहा. रोजगार हमीचं पण तसंच आहे, पागेंच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात आधी प्रयोग, मग १९७७ चा कायदा, मग २६ जानेवारी १९७९ पासून अंमल, आणि तोपर्यंत मुख्यमंत्री किती बदलले ते मोजा. एका माणसाचं नाव घ्यायचं तर घ्या, पण सोबत तारखा द्या.

घरच्यांनी पुढं राजकारण केलं असेल तर ते शेवटी थोडक्यात द्या. सांगोल्यात गणपतराव २०१९ ला उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत ७६८ मतांनी पडले, ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले, आणि २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. एवढ्या एका ओळीत सांगोला काय आहे ते समजतं, त्यावर आणखी पाच पानं नकोत.

लिहून झालं की छापायच्या आधी दोन माणसांना मोठ्याने वाचून दाखवा, एक त्यांचा कट्टर कार्यकर्ता आणि एक समोरच्या पक्षाचा. दोघंही वेगवेगळ्या ठिकाणी अडवतील, त्या प्रत्येक ठिकाणी कागद परत तपासा. आणि पुस्तिकेच्या शेवटी चार-पाच पानं कोरी सोडा, वर "दुरुस्त्या" असं लिहा, एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा, ग्रंथपालाला सांगा कोणी काही सांगितलं तर त्याच्याच हाताने लिहून घ्या. माझ्या दुसऱ्या आवृत्तीच्या वाचनालयातल्या प्रतीत पहिली नोंद त्याच म्हाताऱ्या कार्यकर्त्यांची आहे, थरथरत्या अक्षरात, पडलेल्या त्या पाच वर्षांत कोणत्या गावात कधी बैठक झाली त्याची यादी, एकूण तेवीस गावं.